मापानं बेतलेल्या सायकली

शिंप्याकडे गेलेला माणूस छाती, कंबर, बाही एवढी मापं देतो आणि निघून जातो. सायकल बनवून घ्यायला आलेला माणूस तसा जात नाही! तो सुरुवात गुडघ्यापासून करतो. मग कंबर, मग ऑफिसचा रस्ता, मग त्या रस्त्यातला कुत्रा, मग बॉस, मग बायको. आम्ही नुसता पाय मोजायला टेप काढलेली असते आणि तो अख्खं आयुष्य मोजून देतो.

अशी माणसं सतत येत राहिली की किस्से साठणारच. परवा घरी मंडळी जेवायला आली होती. "कसं चाललंय तुझं सायकलींचं?" असं कुणीतरी सहज विचारलं. मी एक किस्सा सांगितला, त्यांनी दुसरा मागितला, आणि कुकरमधला भात पार गार झाला. तेव्हा म्हटलं, लिहूनच काढावं.

आधी आम्ही कोण ते सांगते. आमचं वर्कशॉप बंगळुरात, चामराजपेटेतल्या एका घराच्या तळमजल्यावर. कंपनीची सायकल आणून तिला नवा रंग मारायचा, असला प्रकार आमच्याकडे नाही. आम्ही ट्यूब कापतो, जोडतो, फ्रेम उभी करतो. एका माणसासाठी एक सायकल, आणि तीही याच शहरात, याच ट्रॅफिकमध्ये चालवायची. आकृती मी काढते. मी अनघा, मूळची नाशिकची. आयटीतल्या नोकरीसाठी इथे आले, आणि नोकरी सुटली तरी शहर काही सुटलं नाही.

वेल्डिंग महादेव करतो. तो निपाणीचा. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषा सारख्याच मोठ्या आवाजात बोलतो. नम्रपणाशी त्याचा काही संबंध नाही. "ताई, ह्यो जोड बगा. बेंगळुरात असा जोड दुसरा कोन मारत असंल तर मला दाखवा!" हे वाक्य तो प्रत्येक जोडानंतर म्हणतो.

आणि वर राहतात सरोजाक्का. घर त्यांचं, त्यामुळे शेवटचा शब्दही त्यांचाच. त्यांचं मराठी घराणं इथे कधी आलं ते त्यांनाही ठाऊक नाही. त्यांची मराठी फोनवर ऐकून माझी आई विचारते, "छान बोलतात गं, पण कुठल्या भाषेत?"

*

पहिली सायकल आम्ही माझ्यासाठी बनवली. म्हटलं, आधी आपल्यावर प्रयोग, मग लोकांवर.

मी कॉम्प्युटरवर काढलेली आकृती इतकी देखणी होती की महादेवनं तिचा फोटो बायकोला पाठवला. शहरातली सायकल म्हणजे आखूड हवी, चपळ हवी, गाड्यांच्या फटीतून निघाली पाहिजे. म्हणून मी पुढचं चाक जितकं जवळ आणता येईल तितकं आणलं. महादेवनं जोड मारले. रंग झाला. सकाळी सायकल बाहेर काढली.

सरळ रस्त्यावर ती अशी पळाली की मी ओरडलेच! गल्लीच्या टोकाला जाऊन मागे वळले. घरासमोर आले, हळू केली, हँडल वळवलं, आणि माझ्या बुटाचं टोक पुढच्या चाकात अडकलं. चाक इतकं जवळ आणलं होतं की वळताना पायाला जागाच उरली नव्हती!

मी पडले ती थेट आक्कांच्या रांगोळीत. अंगभर पांढरी. आक्का दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, सायकल पाहिली, रांगोळी पाहिली.

"अय्यो," त्या म्हणाल्या, "रांगोळी मी परत काढते. तू सायकल परत काढ!"

काढली. चाक पुढे सरकवलं, हँडल जरा मागे घेतलं, सीटचा कोन बदलला. दुसरी फ्रेम तयार झाली त्या सकाळी आक्कांनी मुद्दाम मोठी रांगोळी घातली होती, अगदी रस्त्याच्या मध्यापर्यंत. मी तिच्या कडेकडेनं हळूहळू अख्खी चक्कर मारली. एक ठिपकासुद्धा पुसला नाही.

"हं," आक्का म्हणाल्या, "आता लोकांना विक."

*

आमचं पहिलं नाव झालं ते श्रीरंगमुळे. श्रीरंग पुण्याचा, आयटीत, बनशंकरीतल्या एका उंच अपार्टमेंटमध्ये अगदी वरच्या मजल्यावर राहणारा. त्या सोसायटीचा नियम होता, लिफ्टमधून सायकल नेता येणार नाही. खाली ठेवली तर पावसात भिजते. जिन्यानं नेली तर माणूस ऑफिसला पोचायच्या आधीच रिटायर होतो.

"मला नियम मोडायचा नाहीये," श्रीरंग म्हणाला. "मला नियम नीट वाचायचाय!"

आम्ही त्याला मधोमध सुटी होणारी फ्रेम बनवून दिली. दोन ठिकाणी पोलादी जोड. हातानं फिरवले की सायकलचे दोन भाग, परत फिरवले की सायकल एकसंध. महादेवनं ते जोड मारताना बोलणं बंद केलं होतं, यावरून कामाचा अंदाज यावा.

पहिल्याच दिवशी श्रीरंग अर्धी सायकल हातात घेऊन लिफ्टमध्ये शिरला. सेक्रेटरी धावत आले. "सायकल नॉट अलाउड!"

"सायकल कुठंय?" श्रीरंगनं विचारलं. "सायकलला चाकं किती असतात?"

"दोन."

"ह्याला किती आहेत?"

सेक्रेटरींनी वाकून मोजलं: एक. लिफ्ट वर गेली. श्रीरंग खाली येऊन उरलेली अर्धी घेऊन गेला, तीही त्यांच्या समोरून. पुढच्या मीटिंगमध्ये नियमात दुरुस्ती आली: सायकल किंवा सायकलचा कोणताही भाग लिफ्टमधून नेऊ नये. श्रीरंगनं हात वर केला आणि विचारलं, "शेजारच्या काकू काल सायकलपंप घेऊन वर गेल्या, त्यांना खाली पाठवायचं का?" त्या काकू मीटिंगमध्येच बसल्या होत्या! त्यांनी जे बोलायला सुरुवात केली त्यात दुरुस्तीही गेली आणि मूळ नियमही गेला.

महिनाभरानं आमच्या वर्कशॉपच्या दारात एक गृहस्थ उभे राहिले. हात मागे, नजर इकडेतिकडे. "ते श्रीरंगची सायकल तुम्हीच केली ना?"

मी म्हटलं, "हो. आपण?"

"मी त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी," ते घसा खाकरून म्हणाले. "मलाही एक अर्धी हवी होती. म्हणजे... दोन अर्ध्या!"

*

हा छोटासा. एक तरुण आला, सगळं काळं घातलेलं. त्याला सायकल हवी होती एकदम मिनिमल. घंटी नको, स्टँड नको, मडगार्ड तर मुळीच नको. "लुक क्लीन पाहिजे," असं तो पुनःपुन्हा म्हणत होता.

आक्का जिन्यात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "मडगार्ड नाही तर बेंगळुरातला चिखल कुठे जाणार रे?"

"आँटी, मिनिमल डिझाइन असतं ते."

"सरी, सरी, असू दे," आक्का म्हणाल्या. "पुढे मिनिमल, पाठीवर मॅक्सिमम!"

त्यानं मडगार्ड लावून घेतले. दोन्ही. वर घंटीसुद्धा.

*

शैलजा मिस बेळगावच्या. इथल्या एका शाळेत गणित शिकवतात. रोज कडक इस्त्रीची कॉटनची साडी, आणि शाळेत जायला त्यांना सायकल हवी होती.

मी घाबरतच म्हटलं, "मिस, सायकलवर ड्रेस जास्त सोपा पडेल."

"साडी मी बदलणार नाही," मिस म्हणाल्या. "तुम्ही सायकल बदला."

गणिताच्या बाईंशी वाद घालायचा नसतो. मी फ्रेमची मधली दांडी अगदी खाली आणली, म्हणजे पाय उचलून टाकावाच लागू नये. चेनला संपूर्ण कव्हर. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी. कागदावर सगळं ठीक दिसत होतं. पण खरी परीक्षा घेणार कोण? आक्कांना सायकल येत नाही. मी साडी नेसले की इतकी जपून बसते की माझी साडी खुर्चीवरसुद्धा चुरगळत नाही. आम्हाला हवं होतं न जपणारं माणूस.

आक्का आणि मी, दोघींनी एकाच वेळी महादेवकडे पाहिलं.

"न्हाई," महादेव म्हणाला. "जमायचं न्हाई. मला मिशी हाय!"

"मिशी चेनमध्ये जात नाही," मी म्हटलं.

आक्कांनी पँटवरूनच त्याला आपली जुनी साडी नेसवली. नेसवली म्हणजे काय, चापूनचोपून, निऱ्या घालून, अगदी व्यवस्थित. महादेव सायकलवर बसला, आणि एकदा बसल्यावर तो महादेवच! भररस्त्यात, घंटी वाजवत, पदर उडवत, चामराजपेटच्या मुख्य चौकातून गडी निघाला. फळवाल्यानं हातातला फणस खाली ठेवला. बसमधली माणसं एका बाजूला झुकली. मी मागून दुसऱ्या सायकलवर येत होते. हसण्यामुळे माझी सायकल नागमोडी चालली होती.

चौकात ट्रॅफिक पोलिसानं हात दाखवला. महादेव थांबला. पोलिसानं मिशी पाहिली, साडी पाहिली, मग परत मिशी पाहिली. कन्नडमध्ये विचारलं, "काय चाललंय हे?"

महादेवनं छाती पुढे काढली. "टेस्टिंग, सार!"

आता चौकशी होणार, गर्दी जमणार, मिसच्या सायकलऐवजी आपलं नाव पेपरात येणार, या विचारानं मी सायकलवरून खालीच उतरले. पोलीस शांतपणे सायकलभोवती एक चक्कर मारून आला. खाली वाकला. जाळीला हात लावला. चेनकव्हर हलवून पाहिलं. मग सरळ उभा राहिला.

"खालचं सगळं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण जाळी आणखी वर घ्या. पदर उडून चाकात जातो. माझ्या बायकोचा गेला होता."

जाळी वर घेतली. मिस रोज कडक इस्त्रीच्या साडीत शाळेत जातात आणि तशाच कडक परत येतात. गेल्या वर्षी त्यांच्या स्टाफरूममधल्या आणखी काही बायका आमच्याकडे आल्या. महादेवला पाहिल्याबरोबर त्यातली एक दुसरीला म्हणाली, "हेच ते. ह्यांनी आधी स्वतः नेसून बघितली होती!"

*

पांडुरंगअण्णांचं चिकपेटेत साड्यांचं होलसेलचं दुकान. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. त्यांची अडचण अशी की त्यांच्या गल्लीत टेंपो शिरत नाही, आणि हमालानं डोक्यावर गठ्ठा घेऊन येईपर्यंत गिऱ्हाईक समोरच्या दुकानात बसून कॉफी पीत असतं. समोरच्या दुकानदाराबद्दल अण्णा जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

"मला अशी सायकल पाहिजे," अण्णा म्हणाले, "की पुढे साड्यांचे गठ्ठे, मागे माणूस, आणि माणसाला गठ्ठे दिसत राहिले पाहिजेत. पाठीमागे ठेवलं की बाजारात एक साडी कमी होते."

मी जीव ओतून आकृती काढली. पुढे लांब, जमिनीलगतचा मोठा खोका, त्याच्याही पुढे छोटं चाक, आणि हँडलपासून चाकापर्यंत जाणारी दांडी. महादेव तर इतका रंगला की त्यानं खोक्याच्या कडेला मोरसुद्धा काढला. काम संपलं. अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येणार होते. आम्ही सायकल बाहेर काढायला गेलो.

ती बाहेर जाईना.

वर्कशॉपच्या दारातून बाहेर पडलं की एक अरुंद बोळ आहे आणि तो काटकोनात वळतो. सायकल पुढे घातली तर मोर भिंतीला लागायचा. मागे घेतली तर सीट अडायची. आम्ही तिरकी केली, उचलली, महादेवनं कन्नडमध्ये समजावलं, मराठीत शिव्या दिल्या. आक्का वरून खिडकीतून बघत होत्या.

"आक्का," महादेव वर बघून म्हणाला, "भिंतीचा एवढासा कोपरा फोडला तर? मी परत बांधून देतो. असला कोपरा बेंगळुरात दुसरा कोन..."

"भिंत माझी, सायकल तुमची," आक्का म्हणाल्या. "काय कापायचं ते स्वल्प विचार करून ठरवा!"

फ्रेम कापायची म्हणजे महादेवचं काळीज कापायचं. तो भिंतीला टेकून खाली बसला. मी आकृती पुन्हापुन्हा बघत होते, जणू त्यात बोळ रुंद होणार होता. आणि मग लक्षात आलं की बोळाला वर छप्परच नाही! आडवी जात नसेल तर उभी न्या!

शेजारचे चारजण बोलावले. सायकल मागच्या चाकावर उभी केली, पुढचा खोका आकाशाकडे, आणि गुढी न्यावी तशी सरळ उभी धरून बोळातून वळवली. गल्लीतली बायकामाणसं जमली. एवढी उंच, मोर काढलेली वस्तू उभीच्या उभी मिरवत येताना पाहून कुणीतरी हात जोडले. त्यांचं बघून दुसऱ्यांनी जोडले. आक्का हळदकुंकू घेऊन खालीच आल्या होत्या, त्यांनी ते चाकाला लावून टाकलं.

नेमके त्याच वेळी पांडुरंगअण्णा रिक्षातून उतरले. समोर आपली सायकल उभी, तिला हळदकुंकू, भोवती गर्दी, सगळ्यांचे हात जोडलेले. अण्णांचे डोळे भरून आले.

"वा!" ते म्हणाले. "पूजासुद्धा तुमच्यातर्फेच?"

आम्ही तिघांनीही माना डोलावल्या. अण्णांची सायकल आता चिकपेटच्या गल्लीतून अशी जाते की समोरचा दुकानदार कॉफी पाजायचीच विसरतो. शेवटी त्यानंही आमच्याकडे ऑर्डर दिली. आल्याबरोबर त्यानं विचारलं, "पूजेला कधी यायचं?"

*

निशांत नागपूरचा. इतका उंच की आमच्या दारातून वाकून आला, आणि वाकून आत आल्यावर सरळ झाला तर डोकं दिव्याला लागलं. "बाप्पा!" तो म्हणाला. "इथं बी तेच!"

बाजारातली कुठलीच सायकल त्याला पुरत नव्हती. गुडघे हँडलला लागायचे. कॉलेजात त्याला सायकलवर बघून पोरं म्हणायची, अस्वल सर्कशीतून सुटलं. त्याच्यासाठी आम्ही बनवलेली फ्रेम भिंतीला टेकवली की शिडीसारखी दिसायची. पण त्यावर बसलेला निशांत! पाय सरळ, पाठ ताठ. पहिल्यांदा चालवून आला तेव्हा म्हणाला, "ताई, मी बुटका झाल्यासारखं वाटतंय. लई भारी वाटतंय!"

पंधरवड्यातच त्याचा फोन आला. रडवेला आवाज. चिकपेटेत एका दुकानाबाहेर कुलूप न लावता सायकल ठेवली, आतून पाकीट घेऊन बाहेर आला, तर सायकल गायब!

मी आणि महादेव धावत गेलो. तिघांनी मिळून गल्ल्या पालथ्या घातल्या. निशांत प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी टाच उंच करून बघत होता, खरं तर त्याला त्याची काही गरज नव्हती. दोन गल्ल्या पलीकडे एका चहाच्या गाडीजवळ, भिंतीला टेकवलेली, आमची शिडी! दोनचार ओरखडे, बाकी ठणठणीत.

चहावाल्याला विचारलं, ही इथे कोणी ठेवली?

चहावाला हसायलाच लागला. "एक माणूस ढकलत घेऊन आला. चढायला गेला, पडला. परत चढला. पाय पेडलला पोचेनात, परत पडला. मग तिथल्या कट्ट्यावर उभा राहून चढला. जरा पुढे गेला, पण थांबायचं कसं? पाय जमिनीला लागेनात! माझ्या गाडीवर आदळता आदळता भिंतीला धडकला. मग सायकलकडे बघून हात जोडले, एक चहा प्यायला आणि चालत गेला."

महादेवनं निशांतच्या पाठीवर थाप मारली. म्हणजे मारायची होती पाठीवर, लागली कमरेवर.

"बगा," तो म्हणाला, "कंपनीच्या सायकलीला कुलूप लागतं. आमच्या सायकलीला मालक लागतो!"

*

आणि आता विजयाताई.

विजयाताई संकेश्वरच्या. लग्न होऊन बंगळुरात आल्या त्याला खूप वर्षं झाली. एका वाचनालयात काम करतात. लहानपणी पोलिओ झाला, त्यामुळे डावा पाय बारीक आणि आखूड. त्या पायात जाड तळाचा बूट. त्या आमच्या दारात आल्या तेव्हा काय झालं, तर मी उठले, महादेव उठला, त्यानं खुर्ची पुढे केली, मी त्यांची पर्स धरली, आणि आक्कांनी वरून ओरडून पाणी द्यायला सांगितलं.

विजयाताई उभ्याच राहिल्या. "अहो, बसा सगळे! मी सायकल घ्यायला आलेय, सत्काराला नाही."

त्यांच्या मागे त्यांचे मिस्टर, श्रीपादराव. अतिशय सज्जन माणूस. बायकोच्या एका हाताच्या अंतरावर चालायची त्यांची सवय. ताई जरा कलल्या की त्यांचा हात आपोआप पुढे यायचा.

"मी कधी सायकल चालवलेली नाही," ताईंनी सांगितलं. "माझ्या भावांनी चालवली, बहिणींनी चालवली. मला म्हणाले, तू कशाला? आम्ही सोडू ना तुला. तसं आजवर सगळ्यांनी सोडलंय मला. कुणाची तक्रार नाही. पण आता मला चालवायची आहे."

महादेव म्हणाला, "तीन चाकी करूया की ताई. एकदम मजबूत. मागं बास्केट..."

"दोन."

श्रीपादराव हळूच म्हणाले, "अगं, तीन चाकं सेफ असतात..."

"दोन," ताई म्हणाल्या. आणि तो विषय संपला.

त्या सायकलसाठी मी जेवढा विचार केला तेवढा आयटीतल्या सगळ्या वर्षांत मिळून केला नसेल. डाव्या पेडलचा दांडा आखूड केला, म्हणजे तो पाय छोट्याच वर्तुळात फिरेल. पेडलवर उंच ठोकळा, मागे टाचेला आधार. सीट इतकी खाली की बसल्या बसल्या उजवा पाय जमिनीवर पूर्ण टेकावा. सुरुवातीचा जोर कमी पडू नये म्हणून मागच्या चाकात छोटी मोटर.

पहिली सायकल फसली. बूट ठोकळ्यावरून घसरायचा. दुसरीत बूट बसला, पण थांबताना ताई डावीकडे कलायच्या, आणि डावा पाय त्यांना सावरायचा नाही. एकदा त्या महादेवच्या अंगावर पडल्या. महादेव खाली, ताई वर, सायकल त्याच्याही वर. "जोड बगा ताई," खालून महादेवचा आवाज आला, "एक बी हालला न्हाई!"

मी वजन उजवीकडे सरकवलं, सीट किंचित वळवली, हँडल रुंद केलं. दर रविवारी सकाळी आम्ही जवळच्या मैदानावर जायचो. आधी पेडल काढून नुसतं उजव्या पायानं ढकलत चालवणं. मग एक पेडल. मग दोन्ही. श्रीपादराव मैदानाच्या कडेला पाण्याची बाटली आणि औषधाची पेटी घेऊन उभे. ताई पडल्या की ते धावायचे, आणि ताई पडल्या पडल्याच हात वर करून ओरडायच्या, "तिथेच थांबा!"

किती वेळा पडल्या ते विचारू नका. एका रविवारी पडल्या नाहीत. मैदानाला पूर्ण फेरी घातली. मग दुसरी. मग त्या थांबेनातच! मी आणि महादेव मधे उभे राहून गोल गोल फिरून त्यांच्याकडे बघत राहिलो, आणि श्रीपादराव बाटली उघडून स्वतःच पाणी प्यायले.

मग त्या म्हणाल्या, "आता रस्त्यावर."

सकाळची वेळ, कामाचा दिवस, चामराजपेटचा मुख्य रस्ता. बस, रिक्षा, टेंपो, स्कूटर, सगळं जिथल्या तिथे आणि एकमेकांच्या अंगावर. पुढे विजयाताई. मागे मी आणि महादेव सायकलवर. आमच्या मागे स्कूटरवर श्रीपादराव, चेहरा पांढरा.

सिग्नल लागला. ताई थांबल्या, उजवा पाय टेकवला, अगदी शिकवल्यासारखा. सिग्नल सुटला. ताईंनी पेडल वर घेतलं, बूट ठोकळ्यावर बसवायला एक क्षण गेला, आणि मागच्या रिक्षानं हॉर्न धरला. धरला म्हणजे सोडलाच नाही! ताई निघाल्या. चौक पार करत होत्या तेवढ्यात रिक्षा त्यांच्या अगदी बाजूनं पुढे घुसली, आणि रिक्षावाला मान बाहेर काढून त्यांच्यावर कन्नडमध्ये जोरात खेकसला, "रोड निम्मप्पंदा?"

ताई डगमगल्या नाहीत. चौक ओलांडून कडेला गेल्या आणि थांबल्या.

पण श्रीपादराव! तो सज्जन माणूस आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी आडवा गेला असेल. त्यांनी स्कूटर थेट रिक्षासमोर घातली, उतरले, आणि बोटानं ताईंच्या बुटाकडे दाखवत रिक्षावाल्याला कन्नडमध्येच म्हणाले, "दिसत नाही का तुला? आत्ताच्या आत्ता तिची माफी माग!" रिक्षावाल्यानं वळून पाहिलं, बूट पाहिला, त्याचा चेहरा पडला, आणि तो रिक्षातून उतरायला लागला.

मी सायकल टाकून ताईंकडे धावले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ताई, मनाला लावून घेऊ नका. तो माफी मागायला येतोय."

"येऊ देऊ नका त्याला!" ताईंनी माझा दंड घट्ट धरला. "अहो, सोडा त्याला! जाऊ दे!" त्या रस्त्यापलीकडे नवऱ्याला ओरडल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या. चेहरा नुसता उजळलेला.

"ऐकलंत ना तुम्ही? ‘रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?’ म्हणाला. मला म्हणाला!"